भूमि-अभिलेख व्यवस्था

भूमि-अभिलेख व्यवस्था : जमिनीचे स्थान, सीमा, क्षेत्र व आकारणी, तिच्यावरील निरनिराळ्या व्यक्तींचे हक्क आणि तिच्यात घेतली जाणारी पिके यांविषयीची माहिती ठराविक नमुन्यांत नोंदविण्याची, ती अद्ययावत ठेवण्याची, जतन करण्याची व मागणीनुसार तिच्या प्रती पुरविण्याची शासकीय व्यवस्था. महाराष्ट्रात या अभिलेखांपैकी सर्वसामान्यांच्या सर्वाधिक परिचयाचा उतारा म्हणजे ‘सातबारा’. गाव नमुना क्रमांक ७ (अधिकार अभिलेख पत्रक) व गाव नमुना क्रमांक १२ (पिकांची नोंदवही) हे एकाच पानावर येत असल्याने त्याला हे नाव पडले.

कोणत्याही मोठ्या संघटनेच्या माहितीव्यवस्थेपुढे जे प्रश्न उभे राहतात, तेच भूमि-अभिलेखांपुढेही असतात. माहिती कोणी व कोणत्या आधारावर नोंदवावी, ती कोणी तपासावी, चूक झाल्यास ती कोणी व कशी दुरुस्त करावी, जुनी नोंद पुसली न जाता नवी कशी घ्यावी आणि अनधिकृत हस्तक्षेपापासून अभिलेख कसे सुरक्षित ठेवावेत, हे ते प्रश्न होत. मात्र व्यापारी पेढीच्या हिशेबातील चूक बहुधा त्या पेढीपुरतीच राहते. भूमि-अभिलेखातील चुकीचे परिणाम तिच्याशी काहीही संबंध नसलेल्या शेतकऱ्याला भोगावे लागतात. कर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, भूसंपादनाचा मोबदला, वारसाहक्क व खरेदी-विक्री हे सर्व व्यवहार या नोंदींच्या आधारे होतात. त्यामुळे नोंदीतून गळलेले नाव हे बहुधा हक्क गमावण्याची पहिली पायरी ठरते.

ऐतिहासिक आढावा : मराठा अमदानीत गावच्या जमिनीचे व वसुलीचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याकडे असे. हे दप्तर मोडी लिपीत लिहिले जाई. माहिती गावातच तयार होत असल्याने ती तपशीलवार असे. परंतु दप्तर हे वतनदाराच्या घरचे असल्याने त्याची तपासणी करणे वरिष्ठ सत्तेला अवघड जाई. नोंद लिहिणारा, ती सांभाळणारा व तिचा अर्थ लावणारा एकच असणे, हा या पद्धतीचा मूलभूत दोष होता.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यानंतर मुंबई इलाख्यातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पद्धतशीर भूमापनास आरंभ केला. आर. के. प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात केलेली पाहणी हा त्यातील पहिला मोठा प्रयत्न होय. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के भाग सरकारी महसूल म्हणून ठरवावा, अशी त्यांची योजना होती. तत्त्वतः ती तर्कशुद्ध होती. तथापि तिला लागणारी माहिती अतिशय सूक्ष्म असून ती गोळा करण्याचे काम अल्पवेतनी कनिष्ठ नोकरांवर सोपविलेले होते व त्यांच्यावर पुरेशी देखरेख नव्हती. मोजणीतील चुका, प्रतवारीतील पक्षपात व लाचलुचपत यांमुळे आकारणी विषम व अवजड झाली. १८३० च्या सुमारास ती इंदापूर तालुक्यात लागू होताच अनेक शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. सदोष माहितीवर उभारलेली निर्दोष गणिती पद्धतीही कशी निरुपयोगी ठरते, याचे हे उदाहरण उल्लेखनीय आहे.

त्यानंतर एच. ई. गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर येथे सुधारित पद्धती अमलात आणली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी सोडून दिला व मातीचा रंग, पोत, खोली यांसारख्या डोळ्यांनी पाहता व हातांनी तपासता येणाऱ्या लक्षणांवरून जमिनीची आण्यांमध्ये तुलनात्मक प्रतवारी केली. कनिष्ठ वर्गकाराने केलेल्या कामाचा काही भाग वरिष्ठाने पुन्हा तपासावा, असा दंडकही घालून दिला. या पद्धतीची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाली आणि पुढे १८६५ चा भूमापन अधिनियम व १८७९ ची मुंबई जमीन महसूल संहिता यांत त्यांना कायद्याचे रूप मिळाले. [⟶ जमीन महसूल, भूमापन].

या अभिलेखांचा उद्देश महसूलवसुलीचा असल्याने त्यांत केवळ सरकारास सारा देण्यास जबाबदार असलेल्या खातेदाराचे नाव असे. वारस, सहहिस्सेदार, गहाणदार, कूळ यांचे हक्क त्यांत दिसत नसत. परिणामी कागदावरील खातेदार व जमीन प्रत्यक्ष धारण करणारा यांच्यातील अंतर वाढत गेले. हे अंतर दूर करण्यासाठी १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा स्वतंत्र कायदा करण्यात आला व १९१३ मध्ये त्यातील तरतुदी महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. गावच्या हिशेबाच्या नमुन्यांना एफ. जी. एच. अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेने सुसूत्र रूप दिले. महसूल खात्यात ती ‘अँडरसन मॅन्युअल’ या नावाने ओळखली जाते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली आणि गावदप्तर पूर्णपणे पगारी तलाठ्याच्या हाती आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वेळी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा या विभागांत महसुलाचे वेगवेगळे कायदे व वेगवेगळे नमुने प्रचलित होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली व तिच्यामुळे सर्व राज्यास एकच पद्धती लागू झाली. अधिकार अभिलेखांचे नमुने व कार्यपद्धती १९७१ च्या नियमांनी निश्चित केली.

नमुने व त्यांचा परस्परसंबंध : गावच्या दप्तरात क्रमांक १ ते २१ असे मुख्य नमुने व त्यांचे उपनमुने असतात. नमुना १ (आकारबंद) हा मूळ आधार होय. त्यात प्रत्येक भूमापन वा गट क्रमांकाचे मोजणीने सिद्ध झालेले क्षेत्र व आकार असतो. नमुना ६ ही फेरफार नोंदवही असून हक्कांत झालेला प्रत्येक बदल प्रथम तिच्यात लिहिला जातो. वादग्रस्त प्रकरणांसाठी ६-अ व वारसांसाठी ६-क या नोंदवह्या आहेत. नमुना ७ मध्ये भूधारणेचा प्रकार, खातेदारांची नावे, क्षेत्र, पोटखराबा, आकार व ‘इतर हक्क’ यांची नोंद असते. कुळांचे हक्क, सहकारी संस्था व बँका यांच्या कर्जाचे बोजे, विहिरीतील हिस्से इ. बाबी ‘इतर हक्क’ या रकान्यात येतात. नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराच्या त्या गावातील सर्व जमिनी एकत्रित दाखविलेल्या असतात.

हे नमुने परस्परांना पडताळून पाहता येतील अशा रीतीने योजिलेले आहेत. एका गटातील सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज आकारबंदातील त्या गटाच्या क्षेत्राइतकीच आली पाहिजे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावालगत वर्तुळात लिहिलेला क्रमांक हा तो हक्क ज्या फेरफाराने आला त्याचा क्रमांक असतो. हक्क संपुष्टात आला, तर जुने नाव खोडीत नाहीत. त्यास कंस करून नव्या फेरफाराचा क्रमांक दिला जातो. त्यामुळे कोणतेही नाव घेऊन मागे मागे जात जमिनीचा पूर्वेतिहास काढता येतो. आधुनिक माहितीशास्त्रात बदलाचा मागोवा ठेवणे म्हणून जे तत्त्व सांगितले जाते, ते येथे शाई व कागदाच्या साहाय्याने साधलेले होते.

जमिनीविषयीची सर्व माहिती मात्र एका ठिकाणी नसते. हक्कांच्या नोंदी तलाठ्याकडे, टिपण, गटबुक व गावनकाशा यांसारखे मोजणीचे अभिलेख तालुक्याच्या भूमि-अभिलेख कार्यालयाकडे आणि खरेदीखते, गहाणखते यांच्या नोंदी दुय्यम निबंधकाकडे असतात. या तीन दप्तरांत मेळ नसणे, हे अनेक तंट्यांचे मूळ होय. खरेदीखत नोंदविले पण फेरफार झाला नाही किंवा फेरफार झाला पण पोटहिश्श्याची मोजणी झाली नाही, अशी उदाहरणे पुष्कळ आढळतात.

फेरफाराची कार्यपद्धती : वारसा, खरेदी, वाटणी, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा इ. मार्गांनी हक्क संपादन करणाऱ्या व्यक्तीने ३ महिन्यांच्या आत तोंडी वा लेखी वर्दी तलाठ्यास द्यावी व तलाठ्याने तिची लेखी पोच द्यावी, असे संहितेचे कलम १४९ सांगते. नोंदणीकृत दस्तांबाबत ही वर्दी देण्याची गरज नसते; त्यांची माहिती निबंधक कार्यालयाकडून महसूल खात्यास कळविली जाते. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, तिची प्रत चावडीत लावतो व अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो अशा सर्वांना सूचना पाठवितो (कलम १५०). सूचनेची मुदत १५ दिवसांची असते. हरकत न आल्यास मंडल अधिकारी कागदपत्रे तपासून नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच ती सातबाऱ्यावर घेतली जाते. हरकत आल्यास प्रकरण नमुना ६-अ मध्ये घालून उभय पक्षांचे म्हणणे ऐकून निर्णय दिला जातो. त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे व पुढे वरिष्ठांकडे दाद मागता येते.

या पद्धतीत तीन रक्षक तत्त्वे अंतर्भूत आहेत. नोंद लिहिणारा व ती मंजूर करणारा हे भिन्न अधिकारी असतात. ज्याच्या हक्कास बाध येणार, त्याला नोंद पक्की होण्यापूर्वी सूचना मिळते. आणि प्रत्येक बदलामागे त्याचे कारण, आधार व तारीख लिहिलेली राहते. यांपैकी एकही तत्त्व शिथिल झाले, तर उरलेल्या दोहोंचा उपयोग नाममात्र राहतो. सूचना न बजावताच ती बजावल्याचे दाखविणे आणि मंडल अधिकाऱ्याने कागदपत्रे न पाहताच सही करणे, ही अनेक वादग्रस्त फेरफारांच्या मुळाशी असलेली कारणे होत.

नोंदींचे कायदेशीर मूल्य : अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कलम १५७ मध्ये म्हटले आहे. तथापि अशा नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही व नोंद नसल्याने तो नष्टही होत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालय करते. व्यवहारात मात्र चुकीची नोंद ज्याच्या विरुद्ध आहे, त्याच्यावर ती खोटी असल्याचे शाबीत करण्याचा भार पडतो. वकील, प्रती व तारखा यांचा खर्च न झेपणारा अल्पभूधारक पुष्कळदा हा भार पेलू शकत नाही.

नोंद सत्य मानण्याच्या या तत्त्वाचे महत्त्व कूळ कायद्याच्या अंमलबजावणीत विशेष दिसून आले. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या सुधारित तरतुदींनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणारे कूळ विशिष्ट अटींवर तिचा खरेदीदार मानले गेले. त्या दिवशी कूळ कोण होते, हे ठरविताना पीकपत्रकातील नोंदी हा महत्त्वाचा पुरावा होता. ज्याचे नाव त्या रकान्यात होते त्याची बाजू बळकट झाली. जो कसत होता पण ज्याचे नाव लागलेले नव्हते, त्याला इतर पुराव्याने आपली वहिवाट सिद्ध करावी लागली.

लेखनातील चुका व संबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करण्याचा अधिकार कलम १५५ अन्वये देण्यात आला आहे. ही सोय केवळ हस्तदोषांपुरती आहे. हक्कांत बदल घडविणारी गोष्ट ‘दुरुस्ती’ म्हणून घेतल्यास सूचना व हरकत यांचा टप्पा गाळला जातो. म्हणून या कलमाचा व्याप्तीबाहेर वापर करणे अवैध ठरते.

माहितीची गुणवत्ता : अभिलेखांची गुणवत्ता पूर्णता, अचूकता, अद्ययावतता व सुसंगती या चार कसोट्यांवर पाहता येते.

पूर्णतेतील उणीव प्रामुख्याने वारसनोंदीत आढळते. वडिलांच्या पश्चात केवळ थोरल्या मुलाचे नाव ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ (ए.कु.मॅ.) म्हणून लावण्याची रूढी दीर्घकाळ होती. इतर भावंडांचा हिस्सा त्या तीन अक्षरांमागे दडून राही व पुढील पिढीत तो सिद्ध करणे कठीण होई. मुलींची नावे वारसांतून वगळली जाणे ही याहून व्यापक उणीव होय. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलींना सहदायाद म्हणून मुलांबरोबरीचा हक्क दिला. परंतु वर्दीच अपुरी दिली गेल्यास कायद्याने दिलेला हक्क अभिलेखात उतरत नाही. पत्नीच्या हक्काची नोंद सातबाऱ्यावर व्हावी यासाठी शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम हाती घेतला होता व राज्य शासनाने १९९२ मध्ये त्यास अनुकूल असे परिपत्रक काढले.

अचूकतेतील दोष बहुधा नक्कल करताना व एकके बदलताना शिरतात. हस्तलिखित सातबारा ठराविक वर्षांनी नव्या पुस्तकात उतरून घ्यावा लागे. या पुनर्लेखनात एखादे नाव, कंस वा ‘इतर हक्कां’तील शेरा सुटला, तर पुढील प्रत्येक प्रतीत तो सुटलेलाच राही. जुने क्षेत्र एकर-गुंठ्यांत असून ते हेक्टर-आरमध्ये आणताना होणारी चूकही नेहमीची आहे. १ एकर म्हणजे ४० गुंठे व १ गुंठा म्हणजे सु. १·०१ आर. कागदावर ‘४·२०’ असे लिहिलेले क्षेत्र ४ एकर २० गुंठे, म्हणजे १८० गुंठे असते. तोच आकडा दशांश समजून वाचला, तर तो १६८ गुंठ्यांचा होतो. नुसत्या वाचनातील फरकाने १२ गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होते.

अद्ययावततेचा प्रश्न मृत खातेदारांच्या नावांमुळे तीव्र होतो. वारसांनी वर्दी न दिल्याने दोन-दोन पिढ्यांपूर्वी निवर्तलेल्या व्यक्तींची नावे उताऱ्यावर राहतात. वारसांना कर्ज वा अनुदान मिळत नाही आणि अशा जमिनी तोतया इसम उभे करून विकण्याची संधी निर्माण होते. यावर उपाय म्हणून राज्य शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही वारसनोंदींची मोहीम राज्यभर राबविली. कर्ज फेडल्यानंतरही बोजा कमी न केला जाणे, हा याच प्रकारचा दोष होय. पीकपाहणीत शेतावर न जाता मागील वर्षाचेच पीक लिहिले जाते, अशी तक्रार जुनी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीद्वारे पिकाच्या छायाचित्रासह नोंद करावी, अशी योजना होती. माहिती तिच्या उगमापाशीच घेण्याचे तत्त्व तीत दिसते. परंतु ज्याच्याजवळ असे साधन नाही, त्याची नोंद मागे राहण्याचा धोकाही तीत आहे.

सुसंगतीचा प्रश्न एकत्रीकरण योजनेतून विशेष उद्भवला. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यान्वये अनेक गावांत जुन्या भूमापन क्रमांकांऐवजी गट क्रमांक आले. कागदावरील गट, नकाशावरील गट व प्रत्यक्ष वहिवाट यांत काही ठिकाणी फरक राहिला व त्याचे तंटे पुढे अनेक वर्षे चालले.

संगणकीकरण : केंद्र शासनाने १९८८–८९ मध्ये भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना सुरू केली. २००८ मध्ये तिचे रूपांतर राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात झाले व २०१६ पासून तो डिजिटल इंडिया कार्यक्रमाचा भाग बनला. महाराष्ट्रात सु. अडीच कोटी सातबारा उताऱ्यांची माहिती संगणकात भरावी लागली. हस्तलिखितातील मजकूर जसाच्या तसा भरला गेल्याने त्यातील जुने दोष तसेच राहिले व भरणीतील नव्या चुकांची त्यांत भर पडली. यामुळे हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळवून घेण्याचे स्वतंत्र काम हाती घ्यावे लागले. त्याचा एक भाग म्हणून २०१७ मध्ये ‘चावडी वाचन’ करण्यात आले. ग्रामस्थांसमोर उतारे वाचून दाखवून त्यांनी सांगितलेल्या चुका नोंदवून घेण्यात आल्या. अभिलेख ज्यांच्याविषयी आहे, त्यांनाच तो दाखवून तपासणे ही गुणवत्तेची जुनी व प्रभावी कसोटी या निमित्ताने पुन्हा उपयोगात आली.

‘ई-फेरफार’ प्रणालीत निबंधक कार्यालयात दस्त नोंदविला जाताच त्याची माहिती तलाठ्याकडे संगणकाद्वारे जाते व प्रलंबित फेरफारांची सूचना कोणासही संकेतस्थळावर पाहता येते. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरी असलेले सातबारा उतारे नागरिकांना मिळू लागले. अशा उताऱ्यावरील पडताळणी क्रमांकावरून त्याची सत्यता तपासता येते. त्यामुळे उताऱ्याच्या प्रतीत खाडाखोड करून फसवणूक करणे कठीण झाले. परंतु मूळ नोंदच खोट्या दस्ताच्या आधारे झाली असेल, तर अंकीय स्वाक्षरी तिला खरेपणा देऊ शकत नाही. स्वाक्षरीने इतकेच सिद्ध होते की, उतारा अभिलेखाप्रमाणे आहे. अभिलेख वस्तुस्थितीप्रमाणे आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

सुरक्षितता : माहितीच्या सुरक्षिततेचे गोपनीयता, अखंडता व उपलब्धता असे तीन घटक मानले जातात. संघटनेच्या स्वरूपानुसार त्यांचे महत्त्व कमी-अधिक होते. बँकेतील खात्यात गोपनीयतेस मोठे स्थान असते. अधिकार अभिलेख मात्र मुळातच सार्वजनिक असून चावडीवर नोंद लावण्याची तरतूद हे त्याच्या संरक्षणाचेच साधन आहे. उतारा सर्वांना दिसतो म्हणूनच खोटी नोंद लवकर उघडकीस येते. मात्र ओळखपत्रांचे क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक यांसारखा जो वैयक्तिक तपशील अर्जांसोबत जमा होतो, त्याचे रक्षण वेगळे करावे लागते.

अखंडता म्हणजे अधिकृत मार्गाखेरीज कोणताही बदल न होणे. कागदी दप्तरात पानांना क्रमांक देणे, खाडाखोडीवर आद्याक्षरी घेणे, दुय्यम प्रती तालुक्यात ठेवणे व वरिष्ठांनी दप्तरतपासणी करणे हे उपाय होते. संगणकीकृत दप्तरात त्यांची जागा प्रत्येक कर्मचाऱ्याचा स्वतंत्र प्रवेश, अंकीय स्वाक्षरी व प्रत्येक कृतीची आपोआप होणारी नोंद यांनी घेतली आहे. हे उपाय माणसांच्या शिस्तीवरच अवलंबून राहतात. कामाच्या रेट्यामुळे तलाठ्याने आपली स्वाक्षरीची कळ व परवलीचा शब्द मदतनिसाच्या हाती दिला, तर प्रणालीच्या दृष्टीने ती कृती तलाठ्याचीच ठरते व लिहिणारा आणि मंजूर करणारा यांतील भेद पुसला जाण्याची शक्यता निर्माण होते.

मूळ कागदपत्रांचे संरक्षणही तितकेच आवश्यक असते. गोव्यात जुन्या दस्तऐवजांत फेरफार करून व बनावट कागदपत्रे तयार करून जमिनी बळकावल्याच्या तक्रारींच्या तपासासाठी २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. परदेशी स्थायिक झालेल्या वा मृत मालकांच्या जमिनी अशा प्रकारांना विशेष बळी पडल्या, कारण अभिलेखाकडे लक्ष ठेवणारे तेथे कोणी नव्हते.

उपलब्धतेला आग, पूर, कसर व यंत्रांतील बिघाड यांपासून धोका असतो. मुंबईतील मंत्रालयाच्या इमारतीस २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत अनेक शासकीय कागदपत्रे नष्ट झाली व प्रतींचा साठा वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची निकड प्रकर्षाने जाणवली. जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकात साठविणे व माहितीसाठ्याच्या प्रती भिन्न स्थळी ठेवणे हे त्यावरील उपाय होत. मोडीतील अभिलेखांबाबत आणखी एक अडचण आहे : कागद शाबूत राहिला, तरी तो वाचणारे कमी होत गेल्यास त्यातील माहिती उपलब्ध असूनही निरुपयोगी ठरते.

अन्य व्यवस्था : कर्नाटक राज्यात २००० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘भूमी’ प्रकल्पात सु. ६७ लक्ष भूधारकांच्या सु. २ कोटी अभिलेखांचे संगणकीकरण झाले. हस्तलिखित उतारे अवैध ठरविणे, कर्मचाऱ्याची ओळख बोटांच्या ठशांवरून पटविणे व फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानेच निकाली काढणे ही त्याची वैशिष्ट्ये होत. शेवटच्या तरतुदीमुळे एखादा अर्ज मागे ठेवून दुसरा पुढे घेण्याची सवलत कर्मचाऱ्याच्या हाती राहिली नाही. गोव्यात १९६८ च्या भूमहसूल संहितेनुसार नमुना १ व १४ हा सातबाऱ्यासारखा उतारा प्रचलित आहे. त्याखेरीज पोर्तुगीज अमदानीतील जमीन नोंदणीचे दस्तऐवजही मालकी ठरविताना विचारात घेतले जातात.

दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने अमलात आलेल्या पद्धतीत नोंदवहीतील नोंद हाच मालकीचा निर्णायक पुरावा असतो आणि नोंदीतील चुकीने नुकसान झालेल्यास भरपाई देण्याची जबाबदारी शासन पत्करते. भारतातील पद्धती गृहीतकावर, तर टॉरेन्स पद्धती हमीवर आधारलेली आहे. हमीची पद्धती भारतात आणावी, असा विचार वेळोवेळी मांडला गेला आहे. परंतु तीसाठी आधी मोजणी, नकाशे, वारसनोंदी व दस्तनोंदणी यांत पूर्ण मेळ असणे आवश्यक ठरते. तसा मेळ नसताना नोंदींना निर्णायकत्व दिले, तर आज ज्यांची नावे गळलेली आहेत त्यांना दाद मागण्याचा मार्गही उरणार नाही.

साधनांत झालेल्या बदलांमुळे भूमि-अभिलेखांचा वेग व सुलभता वाढली आहे. नोंदींची विश्वसनीयता मात्र वर्दी पूर्ण देणे, सूचना खरोखर बजावणे, नोंद करणाऱ्याहून वेगळ्या अधिकाऱ्याने ती तपासणे आणि प्रत्येक खातेदाराने आपला उतारा अधूनमधून पाहून घेणे यांवरच अवलंबून राहते. [⟶ अधिकार अभिलेख, कूळ कायदे, महसूलव्यवस्था].